भारदस्त स्वारासाठीं सायकल

सायकलींच्या दुकानांत शिरलेल्या गिऱ्हाइकाचें वजन शंभर किलोच्या पलीकडे दिसलें म्हणजे दुकानदार त्याच्याकडे ज्या नजरेनें पाहतो, ती नजर मीं पुष्कळदां पाहिली आहे. तोंडानें तो 'नाहीं' म्हणत नाहीं. परंतु त्याचा भाव असा असतो कीं, हा गृहस्थ गाडी तर घेईलच आणि महिन्याभरांत ती मोडून तक्रार घेऊनहि येईल. गिऱ्हाईक बिचारें आधींच ओशाळलेलें असतें. तें एक तर रिकाम्या हातानें परततें, नाहीं तर जी चकचकीत नाजूक गाडी त्याच्या गळ्यांत बांधली जाईल ती घेऊन घरीं येतें आणि पुढें ती अडगळीच्या खोलींत पडते. दोन्हींकडून तोटा त्याचाच. वास्तविक ज्याला डॉक्टरांनीं व्यायाम सांगितला आहे आणि ज्याच्या गुडघ्यांस धांवणें सोसत नाहीं, त्याला सायकल हा फार सोयीचा मार्ग आहे. कारण सायकलीवर देहाचा भार बैठकीवर विसावतो, दर पावलागणिक गुडघ्यांवर आदळत नाहीं. असा मार्ग केवळ चुकीच्या खरेदीमुळें बंद व्हावा, ही गोष्ट मला खटकते. म्हणून शंभर-सव्वाशे किलो वजनाच्या माणसानें डांबरी रस्त्यावर लांब फिरण्याची, गियरांची टिकाऊ सायकल कशी पारखावी, याविषयीं आज चार शब्द सांगणार आहें.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. सायकल हें यंत्र मुळांत नाजूक नाहीं. शेजारच्या खेड्यांतून शहरांत दूध घालणारा गवळी आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिला असेल. साठ किलोचा माणूस, मागें दोन्हीं अंगांस लटकविलेल्या चाळीस-चाळीस लिटरच्या दोन किटल्या. म्हणजे दीडशे किलोच्या आसपास भार झाला. तो खाचखळग्यांतून, उन्हापावसांतून वर्षानुवर्षें जात असे, आणि त्याची सायकल मोडली असें क्वचितच कानीं येई. मग एकशेदहा किलोचा माणूस सायकलीला पेलत नाहीं असें कोणीं व कशाच्या आधारावर म्हणावें? त्या साध्या काळ्या सायकलीचीं चाकें आपण कधीं नीट पाहिलीं आहेत काय? पुढच्या चाकाला ३२ आरे आणि मागच्याला ४०. इंग्लंडांतील जुन्या कारखानदारांनीं ठरविलेली ही वांटणी आपल्याकडेहि तशीच चालत आली. मागें आठ आरे अधिक कां? तर भार मागें अधिक पडतो म्हणून. आजच्या शर्यतीच्या सायकली पाहाव्या तर पुढें वीस आणि मागें चोवीस आरे! गवळ्याच्या सायकलीचें रहस्य काय आणि आपल्या अडचणीचें मूळ काय, हें या आंकड्यांतच अर्धेंअधिक सांपडतें.

मग तीच काळी सायकल घ्यावी, असें कोणी म्हणेल. पेठेंतून मंडईपर्यंत जावयाचें असेल तर अवश्य घ्यावी. माझा मुळींच विरोध नाहीं. परंतु तिचें स्वतःचें वजन वीस किलोच्या घरांत, गियर एकच, आणि सळ्यांचे ब्रेक पोलादी रिमेवर दाबले जाणारे. पावसांत रिम ओली झाली कीं ते घसरतात. ज्याला रोज सकाळीं तीस-चाळीस किलोमीटर जावयाचें आहे, रविवारीं सिंहगडाच्या पायथ्यापर्यंत किंवा खंबाटकीचा घाट ओलांडून वाईकडे जावयाचें आहे, त्याला हलकी, गियरांची आणि खात्रीच्या ब्रेकांची गाडीच हवी. प्रश्न एवढाच कीं, हलकेपणा कोठें घ्यावा आणि कोठें घेऊं नये.

माझा एक जुना विद्यार्थी आहे. वय चाळिशीचें, नोकरी बँकेंत, वजन ११२ किलो. त्यानें हौसेनें शर्यतीच्या धर्तीची सायकल घेतली. चार महिन्यांत मागच्या चाकाचे आरे तीनदां तुटले. दर खेपेस दुकानांत एकच उत्तर मिळे, "साहेब, वजन!" शेवटीं तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "सर, माझ्या वजनाला सायकल नाहींच का?" मीं त्याला म्हटलें, "अरे, सायकल आहे. तुझ्या वजनाला चाक नाहीं." जड माणसाच्या सायकलीचा निकाल बहुधा चाकावर लागतो, आणि त्यांतहि मागच्या चाकावर. म्हणून या चाकाचें काम कसें चालतें तें जरा सविस्तर पाहूं.

बैलगाडीच्या चाकाचे आरे लांकडी असतात. गाडीचा भार त्या त्या क्षणीं खालीं असलेल्या आऱ्यावर खांबासारखा उभा राहतो. सायकलीचा आरा म्हणजे दोन मिलिमीटर जाडीची तार. ती उभी धरून वरून बोटानें दाबली तरी वांकते. ती माणसाला खांबासारखी कशी पेलणार? येथेंच या चाकाची युक्ति आहे. १८६९ सालीं पॅरिस येथील यूजेन मेयर यानें ताणलेल्या तारांच्या चाकाचें पेटंट घेतलें, आणि १८७४ सालीं कॉव्हेंट्रीच्या जेम्स स्टार्ले यानें आरे मध्यापासून सरळ न निघतां तिरपे, एकमेकांना छेदून जातील अशी रचना केली. आजचें चाक त्याच घडणीचें आहे. यांत प्रत्येक आरा बांधणीच्या वेळींच निपल आंवळून जोरानें ताणलेला असतो. चांगल्या चाकांत हा ताण एकेका आऱ्यावर शंभर किलोच्या आसपास असतो. सर्व बाजूंनीं सारखी ओढ असल्यानें हब मधोमध राहतो. आतां स्वार वर बसला म्हणजे काय होतें? रिम जमिनीशीं किंचित् दबते आणि तेथील तीन-चार आऱ्यांचा ताण कमी होतो. बाकीच्यांचा फारसा बदलत नाहीं. म्हणजे खालचे आरे भार घेतात तो ताठ उभे राहून नव्हे, तर आपली ओढ थोडी सोडून. जोंवर त्यांच्यांत थोडी तरी ओढ शिल्लक आहे तोंवर चाक मजबूत. ती संपून आरा अगदीं ढिला पडला कीं दुखण्यास आरंभ झाला.

आतां थोडें गणित करूं. शाळामास्तराची ती खोड आहे, श्रोत्यांनीं सांभाळून घ्यावी. चाकाचा परीघ सुमारें २ मीटर १० सेंटिमीटर धरला तर एका किलोमीटरांत चाकाचे पावणेपांचशे फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यांत प्रत्येक आरा एकदां सैल होतो आणि पुन्हां ताणला जातो. हजार किलोमीटरांत हें पावणेपांच लाख वेळां घडतें. एखादी तार एकदां वांकवून सरळ केली तर तुटत नाहीं, पण तेंच पुनःपुन्हां करीत बसलें कीं ती तुटते, हें लहान मुलांनाहि ठाऊक असतें. धातु थकतो. आरा तुटतो तो बहुधा हबाजवळ, जेथें त्याला वांक दिलेला असतो तेथें. आणि तो एखाद्या दिवशींच्या भारानें तुटत नसून लाखों हेलकाव्यांनीं थकून तुटतो. स्वार जितका जड तितका हेलकावा मोठा. आरे जितके थोडे तितका प्रत्येकाच्या वांट्याचा हेलकावा मोठा. आणि चाक ढिलें बांधलेलें असेल तर प्रत्येक फेऱ्यांत आरा पुरता सैल होऊन पुन्हां झटका खातो.

मागच्या चाकाची आणखी एक अडचण आहे. उजव्या बाजूला गियरांच्या चकत्यांना जागा द्यावी लागते, त्यामुळें तिकडचे आरे जवळजवळ उभे आणि डावीकडचे तिरपे बसतात. चाक मधोमध राहावें म्हणून उजवे आरे फार ताणावे लागतात आणि डावे त्या मानानें पुष्कळ सैल ठेवावे लागतात. हे डावे आरे जड माणसाखालीं प्रथम ढिले पडतात व त्यांचे निपल आपोआप उलगडूं लागतात. चाक डोलूं लागतें, आपण त्याचा आउट काढून आणतों, आठ दिवसांनीं पुन्हां तेंच.

यावर उपाय काय? शंभर किलोच्या वर ज्याचें वजन आहे त्यानें मागच्या चाकाला निदान ३२ आरे तरी असावेत असा आग्रह धरावा. ११० च्या वर ३६ मिळाले तर फार उत्तम. पुढच्या चाकाला ३२ पुष्कळ झाले. रिम ॲल्युमिनियमची, पण अंगानें भरीव, थोड्या उंच कड्याची असावी. ताठ रिम भार अधिक आऱ्यांत वांटते. निपल पितळी असावेत. आऱ्यांच्या बाबतींत मात्र एक गोष्ट ऐकणाऱ्यास उलटी वाटेल: सबंध जाड आऱ्यापेक्षां दोन्हीं टोकांस २ मिलिमीटर आणि मध्यें १.८ मिलिमीटर अशा निमुळत्या केलेल्या आऱ्याचें चाक अधिक टिकतें. मधला बारीक भाग रबरासारखा थोडा अधिक ताणला जातो, म्हणून रिम दबली तरी आरा एकदम ढिला पडत नाहीं. शिवाय जी टोकें तुटावयाचीं तीं जाडच राहतात. चाकांच्या या शास्त्रावर जॉब्स्ट ब्रँड्ट नांवाच्या अभियंत्यानें १९८१ सालीं 'द बायसिकल व्हील' हें पुस्तक लिहिलें. बांधणी झाल्यावर समांतर आऱ्यांच्या जोड्या हातानें जोरानें दाबाव्या म्हणजे वांकाच्या ठिकाणीं कोंडलेला ताण निघून जातो, हें त्यानें विशेष ठासून सांगितलें. ही गोष्ट दोन-चार मिनिटांची आहे, पण घाईच्या कारखान्यांत ती राहून जाते. म्हणूनच यंत्रावर बांधलेल्या स्वस्त चाकापेक्षां जाणत्या कारागिरानें हातानें बांधलेलें चाक पुष्कळ पट टिकतें.

दुकानांत याची परीक्षा कशी करावी? ज्यांच्या घरीं तंबोरा आहे त्यांना सोपें आहे. एका बाजूचे आरे एकामागून एक बोटानें छेडावे. त्या बाजूचे सगळे जवळजवळ एकाच सुरांत बोलले पाहिजेत. मागच्या चाकाची उजवी बाजू चढ्या सुरांत आणि डावी उतरलेल्या सुरांत बोलेल, तें ठीक. पण एकाच बाजूला एक आरा 'सा' आणि शेजारचा 'प' म्हणूं लागला, तर तें चाक नीट बांधलेलें नाहीं असें समजावें.

हबाविषयीं एक शब्द. स्वस्त गियरच्या गाड्यांत फ्रीव्हील हबावर पेंचानें बसविलेलें असतें. त्यामुळें उजवीकडचे छर्रे टोंकापासून फार आंत राहतात आणि एक्सलचा बराच भाग आधाराशिवाय लोंबतो. जड माणसाखालीं तो वांकतो, कधीं कधीं मोडतोहि. त्याऐवजीं कॅसेट पद्धतीचा हब घ्यावा. त्यांत उजवा आधार टोंकाजवळ येतो. हें दुकानदाराला स्पष्ट विचारावें. माझ्या त्या विद्यार्थ्यानें चांगल्या हबावर ३६ आऱ्यांचें मागचें चाक बांधवून घेतलें आणि आऱ्यांची कटकट तेथें थांबली. फ्रेम तीच, स्वार तोच, आणि वजनहि, त्याच्या घरच्यांच्या हातच्या सुग्रणपणामुळें, फारसें उतरलेलें नाहीं.

आतां टायर. आपला स्वार ११२ किलोचा आणि सायकल तेरा किलोची धरूं, एकूण १२५. त्यांतला साधारण साठ टक्के, म्हणजे ७५ किलो, मागच्या चाकावर येतो. टायरांत हवेचा दाब दर चौरस सेंटिमीटरला ५ किलो असेल, तर ७५ किलो पेलण्यास टायरानें जमिनीवर १५ चौरस सेंटिमीटर जागा धरली पाहिजे. काड्यापेटीच्या पाठीपेक्षांहि ती थोडी लहानच! एवढ्याशा जागेवर मनुष्य उभा असतो. टायर अरुंद असला, समजा २५ मिलिमीटरचा, तर तेवढी जागा मिळविण्यास तो लांबवर चेपतो, आणि खड्ड्याचा कांठ लागला कीं रिमेपर्यंत दबून ट्यूबला सापाच्या दातांसारखीं दोन भोकें पडतात. तें टाळावयाचें तर दाब सात किलोच्या वर, म्हणजे आपल्या पंपावरच्या मापानें शंभर पौंडांपर्यंत न्यावा लागतो. मग सायकल दगडासारखी चालते आणि प्रत्येक धक्का फ्रेमला, आऱ्यांना आणि स्वाराच्या कण्याला बसतो. उलट ३२ मिलिमीटरच्या टायरांत सत्तर ते ऐंशी पौंड पुरतात आणि ४० मिलिमीटरच्यांत पन्नास-साठ. रुंद टायर मंद चालतो ही समजूत आतां शर्यतवाल्यांनींहि सोडून दिली आहे. जे २३ मिलिमीटरवर शपथ घेत ते २८ वर आणि त्याहून रुंदावर आले. आपल्या रस्त्यांवर जड माणसानें ३२ च्या खालीं उतरूं नये, असें माझें मत आहे. टायरच्या अंगावर आणि रिमेवरहि दाबाची कमाल मर्यादा छापलेली असते. त्यांपैकीं जी लहान ती पाळावी. हल्लीं कांहीं रिमा आंतल्या बाजूस कड्याच्या आंकड्याशिवाय, म्हणजे हुकलेस, येतात. त्यांची मर्यादा ५ बार, सुमारें ७२ पौंड, एवढीच असते. जड स्वारानें त्यांवर अरुंद टायर घालण्याच्या भरीस पडूं नये.

येथें फ्रेमचा प्रश्न आपोआपच येतो, कारण रुंद टायर घालावयाचा तर फ्रेमच्या व चिमट्याच्या मध्यें तेवढी जागा हवी. शर्यतीच्या पुष्कळ फ्रेमांत ती नसते. म्हणून 'किती रुंद टायर बसतो?' हा दुकानांतला पहिला प्रश्न असावा; रंगाचा प्रश्न मागाहून. ज्या गाड्यांना ग्रॅव्हल किंवा टूरिंग म्हणतात त्यांत ४० मिलिमीटरपर्यंत टायर सहज मावतो. हँडल त्यांनाहि शर्यतीसारखेंच वांकडें असतें, पण बसणी थोडी उभी असते, आणि पोट सुटलेल्या माणसाला तीच सोसते.

धातूंचें पाहूं. पोलाद ॲल्युमिनियमपेक्षां सुमारें तिप्पट जड आणि तिप्पट ताठ. म्हणून ॲल्युमिनियमच्या नळ्या जाड्या कराव्या लागतात. नळीचा व्यास वाढला कीं ताठपणा फार झपाट्यानें वाढतो, आणि फ्रेम हलकी राहूनहि कणखर होते. दोहोंत खरा फरक थकण्याचा. पोलादावर ठराविक मर्यादेच्या आंतला भार कितीहि वेळां आला तरी तें थकत नाहीं असें म्हटलें तरी चालेल. ॲल्युमिनियमला अशी मर्यादा नाहीं, तें हळूहळू थकतच असतें. जाणते कारखानदार हें ओळखून नळ्या पुरेशा भक्कम करतात. म्हणून चांगल्या ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मी नांवें ठेवणार नाहीं. परंतु माझा कल पोलादाकडे आहे. आल्फ्रेड रेनॉल्ड्स यानें १८९७ सालीं टोंकांस जाड व मध्यें पातळ अशा नळ्यांचें पेटंट घेतलें, आणि १९३५ सालीं त्याच्या कंपनीनें मँगेनीज-मॉलिब्डेनम पोलादाची '५३१' ही प्रसिद्ध नळी आणली. तिच्या पुष्कळ फ्रेमा आजहि रस्त्यावर आहेत. हल्लीं बहुधा क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलाद असतें. दुकानांत त्याला 'क्रोमोली' म्हणतात. पोलाद बिघडलें तर सांगून बिघडतें: रंगाला रेघ येते, गाडी करकरते, आणि मग भेग वाढत जाते. तोंवर शहाणा माणूस उतरतो. दुरुस्तीहि होते, मात्र पातळ नळीला रस्त्यावरच्या कोणत्याहि वेल्डरच्या हातीं देऊं नये, तो ती जाळून ठेवील.

कार्बनविषयीं अनेकजण विचारतात. कार्बनचे धागे राळेंत बसवून केलेला हा पदार्थ कमकुवत मुळींच नाहीं. बोइंग ७८७ या विमानाच्या सांगाड्याचें निम्में वजन अशाच पदार्थांचें आहे. परंतु तो मार सोसून वरून धड दिसतो आणि आंतून दुभंगलेला असूं शकतो. गाडी पडली, दगड लागला, बोल्ट गरजेपेक्षां जास्त आंवळला, तर तपासल्याशिवाय कळत नाहीं. जड माणसाला ही अनिश्चितता परवडत नाहीं, विशेषतः चिमट्याच्या बाबतींत. चाक डोललें तर आपण उतरतों. चिमटा मोडला तर तोंडावर पडतों. चिमट्याची मर्यादा कागदावर पाहिल्याशिवाय गाडी घेऊंच नये, आणि अपघातांत समोरून मार बसलेला चिमटा बदलून टाकावा. काटकसरीचें स्थान दुसरीकडे आहे.

हा 'कागद' म्हणजे गाडीबरोबर येणारी पुस्तिका. ती कोणी वाचीत नाहीं. तींत भाराची मर्यादा दिलेली असते. रस्त्याच्या अनेक सायकलींत ती ११० ते १२५ किलोच्या दरम्यान आढळते, कांहीं टूरिंगच्या गाड्यांत बरीच अधिक. मात्र ही मर्यादा स्वाराची कीं एकूण भाराची, हें नीट वाचावें. बहुधा ती एकूण भाराची असते. आपल्या स्वाराचा हिशेब करूं: देह ११२, कपडे-जोडे २, पाणी व पिशवी ४, सायकल १३, एकूण १३१. म्हणजे 'मर्यादा १२०, माझें वजन ११२, ठीक आहे' असें म्हणणारा मनुष्य अकरा किलोंनीं फसलेला असतो. शिवाय चाकें, बैठकीचा दांडा व हँडल यांच्या मर्यादा निराळ्या असूं शकतात, आणि त्यांतली सर्वांत लहान तीच आपली मर्यादा. आय.एस.ओ. ४२१० या आंतरराष्ट्रीय मानकांत फ्रेमला पायडलांच्या जागीं जोर देऊन एक लाख वेळां दाबून पाहण्याची कसोटी आहे. ती उतरलेली गाडी घ्यावी हें उघडच आहे, पण तेवढ्यानें पुस्तिका वाचण्याचें काम टळत नाहीं. 'साहेब, कांहीं होत नाहीं हो' हें दुकानदाराचें वाक्य ही मर्यादा नव्हे.

ब्रेकांकडे वळूं. १२५ किलोचा भार पांचशें मीटर उंचीवरून खालीं आला तर सहा लाख जूलांहून अधिक ऊर्जा कोठें तरी जावी लागते. तेवढ्या उष्णतेंत पावणेदोन लिटर पाणी २० अंशांपासून उकळीपर्यंत नेतां येईल. कांहीं भाग वारा घेतो, पण जो मनुष्य भीतीनें घाट हळू उतरतो त्याचा वारा थोडा आणि ब्रेकच फार. जुन्या पद्धतीचे रबरी ठोकळे रिमेवर घांसतात. रिम तापते, आंतली हवा तापते, आणि लांब उतारावर ट्यूब फुटण्याचा धोका असतो. कार्बनच्या रिमेवर तर हे ठोकळे वापरून घाट उतरणें जड माणसानें टाळावेंच. म्हणून डिस्क ब्रेक घ्यावे. त्यांत उष्णता रिमेपासून दूर राहते, आणि पावसांत रिम भिजली तरी बिघडत नाहीं. पुढची चकती १४० मिलिमीटरची नको, १६० ची तरी असावी. उतारावर ब्रेक एकसारखा हलका दाबून धरूं नये; वळणाआधीं दोन्हीं ब्रेक जोरानें दाबून वेग उतरवावा आणि मग सोडून द्यावे, म्हणजे चकतीला निवण्यास वेळ मिळतो.

चढावर उलटा हिशेब. शंभरांत आठ असा चढ आहे, पुढची सर्वांत लहान चकती ३४ दातांची व मागची सर्वांत मोठी ३४ दातांची आहे, आणि पाय मिनिटाला साठ फेरे मारतात, असें धरूं. गाडी ताशीं साडेसात किलोमीटर जाईल आणि आपल्या १२५ किलोंना केवळ वर उचलण्यासच दोनशें वॉटच्या वर शक्ति लागेल. ती नवशिक्याजवळ नसते. तो मग पाय हळू फिरवितो, गुडघ्यावर जोर देतो, आणि गुडघे वांचविण्यासाठीं घेतलेली सायकल गुडघेच दुखविते. पुढें ३० दातांची चकती असली तर त्याच पायांच्या गतीनें सुमारें १८० वॉट लागतात. म्हणून पुढें ४६-३० आणि मागें ३४ किंवा त्याहून मोठी चकती असलेली गाडी पाहावी. हलका गियर घेण्यांत कमीपणा नाहीं; शर्यतवाले स्वतःच हल्लीं तेंच करतात.

बैठकीविषयीं फार सांगण्यासारखें नाहीं. मऊ, गुबगुबीत, रुंद बैठक दुकानांत गोड वाटते आणि वीस किलोमीटरांवर मांड्या घांसूं लागते. भार बसण्याच्या दोन हाडांवर यावा, मांसावर नव्हे; म्हणून हाडांच्या अंतराला जुळणारी, थोडी टणक बैठक घ्यावी. तिच्या खालच्या सळ्या पोलादी असाव्या. बैठकीचा दांडा त्यावरच्या खुणेच्या वर कधींहि ओढूं नये. आणि फ्रेमचा आकार उंचीवरून ठरवावा, वजनावरून नव्हे. 'साहेब मोठे आहेत, मोठी गाडी द्या' हा न्याय येथें लागू नाहीं.

जुनी गाडी स्वस्तांत मिळत असेल तर ती उलटी करून उजेडांत पाहावी. हँडलाच्या नळीमागें, पायडलांच्या जोडाशीं आणि बैठकीच्या चिमटीखालीं रंगाला केसाएवढी जरी रेघ दिसली तरी ती नको. आणि पैसे थोडे असले तर साधी फ्रेम व साधे गियर घेऊन उरलेला पैसा मागच्या चाकावर घालावा.

गाडी घरीं आली म्हणजे काम संपत नाहीं. नवीन चाकाचे आरे बसण्यास थोडे दिवस लागतात. दीडशें-दोनशें किलोमीटर झाले कीं ती कारागिराकडे नेऊन दोन्हीं चाकांचा ताण तपासून घ्यावा व आउट काढून घ्यावा. हवेचा दाब दर दोन-तीन दिवसांनीं मापाच्या पंपानें पाहावा. अंगठ्यानें दाबून पाहण्याची आपली पद्धत येथें कामाची नाहीं, कारण चाळीस पौंडांचा टायर आणि सत्तर पौंडांचा टायर अंगठ्याला सारखाच टणक लागतो. सांखळी मात्र जड माणसाची लवकर झिजते, कारण चढावर ती अधिक ओढली जाते. ती तपासण्यास घरांतली पोलादी फूटपट्टी पुरे. नव्या सांखळीचे चोवीस सांधे बरोबर बारा इंच भरतात. तेच बारा इंच आणि एक सोळांश भरूं लागले म्हणजे सांखळी बदलावी. बारा इंच आणि एक अष्टमांशापर्यंत वाट पाहिली तर बहुधा मागच्या दांतांच्या चकत्याहि तिच्याबरोबर बदलाव्या लागतात.